दर रोपामागं एक चिंचोका

अणदूरच्या शरणबसप्पा मास्तरांनी एकदा भर पावसात उसनी छत्री बगलेत दाबून, स्वतः चिंब भिजत, अख्खं गाव पार केलं होतं. वाटेत कुणीतरी ओरडलं, "मास्तर, छत्री उघडा की!" मास्तर म्हणाले, "माझी न्हाय बाबा, हणमंतप्पाची हाय. भिजून खराब झाली तर त्याला काय सांगू?" गाव चार दिवस पोट धरून हसलं. घरी डोकं पुसायला पंचा देताना त्यांच्या बायकोनं, गिरिजाबाईंनी, एवढंच विचारलं की मग ती मागून आणली कशाला.

दुसऱ्याची वस्तू म्हटली की मास्तरांचं असं व्हायचं. माणूस अगदी साधा. निजामाच्या अमलातल्या त्या खेड्यात पोरांना अंकगणित आणि मराठी शिकवायचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, पायांत शिवून शिवून मूळ चामडं कुठलं ते न कळणाऱ्या वहाणा. अक्षर मात्र असं, की तहसिलीतले कारकून कागद हातात घेऊन आधी नुसते बघत राहायचे. त्या अक्षरापायी गावचा एक मान त्यांच्याकडं आपसूक चालत आला होता. अणदूरचा खंडोबा वर्षातले पावणेदोन महिने नळदुर्गाला जातो. नळदुर्गची माणसं त्याला न्यायला येतात, दोन्हीकडचे जाणते देवळात बसतात, आणि देव कधी न्यायचा, कधी परत आणायचा याचा रीतसर कागद होतो. हा कागद दरसाल मास्तर लिहायचे. "देव तिकडं गेला म्हंजे त्येंचा झाला न्हाय, आन इकडं आला म्हंजे आपला झाला न्हाय," असं ते दरसाल शाई वाळताना म्हणायचे, आणि दरसाल कुणीतरी तेवढ्यात जांभई द्यायचं.

गिरिजाबाई तामलवाडीच्या. लग्नात वडिलांनी लेकीला चोळीबांगडीसाठी म्हणून अणदुरातच, ओढ्याकाठचं चार एकरांचं रान घेऊन दिलं होतं. वडील गेले, भाऊ गेला, माहेरचं म्हणून जगात काही उरलं असेल तर तो तुकडा. गिरिजाबाई त्याला रान म्हणत नसत, ‘माझा तुकडा’ म्हणत, आणि त्या ‘माझा’वर असा काही जोर द्यायच्या की मास्तरही बांधावरून आत पाऊल टाकताना उगाच जरा थांबायचे.

त्या तुकड्याला टारफुला लागला होता. टारफुला दिसायला फार गोंडस. वीतभर रोप, पांढरी नाजूक फुलं. नवी नवरी असताना गिरिजाबाईंनी ती हौसेनं केसांत माळली होती, असं मास्तर चिडवायला सांगायचे. पण ही गोंडस बया जमिनीखाली ज्वारीच्या मुळाला तोंड लावून बसते आणि पोटऱ्यात येऊन कणीस धरायच्या आत ज्वारी वाळवून टाकते. उपटा, जाळा, नांगरा, पुढल्या साली ती पुन्हा हजर.

मास्तरांनी या टारफुल्याचा पिच्छा पुरवायला घेतला त्याला अकरा वर्षं झाली होती. दर मार्गशीर्षात, फुलं वर आली की, ठरलेल्या वीस ओळींतली रोपं ते मोजायचे. तोंडानं मोजायला गेले की मधेच त्यांना काहीतरी सुचायचं आणि आकडा हरवायचा. म्हणून गिरिजाबाईंनीच रीत बसवली. मास्तरांनी वाकून रोप दाखवायचं, आणि बाईंनी कमरेच्या पिशवीतून एक चिंचोका काढून पदराच्या ओच्यात टाकायचा. दर रोपामागं एक चिंचोका. ओचा भरला की बांधावर ढीग. सगळं झाल्यावर दोघांनी बांधावर बसून चिंचोके मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा. शिवाय एका कोपऱ्यात मास्तरांनी सहा वर्षं ज्वारी पेरू दिली नव्हती. सातव्या वर्षी पेरली, तर टारफुला असा उगवला जणू कालपरवाच झोपला होता. या सगळ्याचा एक लेख करावा, तो छापून यावा, त्याखाली आपलं नाव असावं, ही मास्तरांची जन्मातली एकुलती एक हाव होती. ती त्यांनी बायकोशिवाय कुणाला सांगितलेली नव्हती.

छापून येण्याची जागाही ठरलेली होती. पुण्याहून शेतीशास्त्राचं एक त्रैमासिक निघायचं. मास्तर त्याचे वर्गणीदार, आणि संपादकांना लांबलचक पत्रं लिहिणारे. ती पत्रं वाचूनच बहुधा, पाच वर्षांपूर्वी संपादकांनी त्यांच्यावर एक काम सोपवलं. त्रैमासिकात लेख छापण्याआधी तो दोघा जाणकारांकडं परीक्षेला जायचा. लेखकाचं नाव परीक्षकाला कळायचं नाही, परीक्षकाचं लेखकाला नाही. म्हणून लेखाची नक्कल संपादकांचा लेखनिक आपल्या हातानं करायचा, अभिप्रायाचीही तशीच. परीक्षकानं लेख कुणाला दाखवायचा नाही, त्यातलं काही छापून येईपर्यंत स्वतःच्या कामाला वापरायचं नाही, लेखाशी आपला काही लागाबांधा असेल तर आधी सांगून टाकायचं, आणि महिन्याच्या आत मत कळवायचं, असं संपादकांनी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मास्तरांनी ते पत्र देवघरात ठेवलं. पुण्यातल्या बऱ्याच विद्वानांनी ते कुठं ठेवलं असेल कोण जाणे.

पाच वर्षांत त्यांच्याकडं सात लेख आले. एकेका लेखावर मास्तर लेखकापेक्षा जास्त घाम गाळायचे. अभिप्राय लिहून झाला की तो स्वतःला मोठ्यानं वाचून दाखवायचे, जणू तो आपल्याच लेखावर आला आहे. एखादं वाक्य लागलं की खोडायचे. वाळवीवर धडधडीत चुकीचं लिहिणाऱ्या एकाला त्यांनी लिहिलं होतं, "आपले निरीक्षण एका सालाचे आहे. आणखी दोन साले पाहिल्यास आपण स्वतःच ते दुरुस्त कराल." एक लेख वाचता वाचता तो आपल्या जुन्या विद्यार्थ्याचा आहे हे ओळखलं, तर त्याच दिवशी कारण लिहून परत धाडला. कच्चे कागद ते न चुकता चुलीत घालायचे. शेतीशास्त्रावरचे कितीतरी उत्तम अभिप्राय अशा रीतीनं गिरिजाबाईंच्या भाकरीखाली जळून गेले. नवरा काहीतरी गुपित लिहितो आणि जाळतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर त्या समाधानी होत्या.

आठवा लेख आला एकोणीसशे त्रेचाळीसच्या चैत्राअखेर. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दहा दिवस होते. मास्तरांनी पाकीट शाळेतच, पोरं गेल्यावर, पायरीवर बसून फोडलं. लेख टारफुल्यावर होता.

पहिल्या वाचनात त्यांनी मांडीवर थाप मारली. जे त्यांना अकरा वर्षांत सुचलं नव्हतं ते या माणसाला सुचलं होतं! टारफुल्याचं बी ज्वारीच्या मुळाच्या ओलाव्यानं जागं होतं. पण कापसाच्या मुळाशीही ते तसंच फसून उगवतं, आणि कापसाचं मूळ त्याला धरता येत नाही, म्हणून उपाशी मरतं. तेव्हा मृगावर कापूस दाट पेरायचा, बोंड धरायच्या आत नांगरून मोडून टाकायचा, आणि त्याच रानात हस्तावर ज्वारी करायची. लेखकानं तीन वर्षं करून पाहिलं होतं. मुळांची चित्रं काढली होती.

दुसऱ्या वाचनात आपला लेख आता होणार नाही, हे मास्तरांना कळलं. दुःख झालं, चांगलंच झालं. ते काही संत नव्हते. पायरीवर बसून त्यांनी दोन थेंब गाळले आणि पंच्यानं नाक शिंकरलं.

तिसऱ्या वाचनात त्यांना गिरिजाबाईंचा तुकडा आठवला, आणि ते ताडकन उठून उभे राहिले. मृग महिन्याभरावर होता. सरकी घरातच होती, म्हशीच्या आंबोणासाठी आणलेली, पोतंभर. औषध घरात, रोग रानात, आणि मधे हा दुसऱ्याचा कागद.

गुपचूप पेरावं, तर ते गुपचूप राहणारं नव्हतं. वाढलेला कापूस बोंडाआधी मोडणारा मास्तर पाहून अख्खं अणदूर बांधावर जमलं असतं. मग कारण सांगावं लागलं असतं, कारण तुळजापूरच्या बाजारात गेलं असतं, आणि लेख छापून येईतो लोक म्हणाले असते, यात नवीन काय, हे तर अणदुरात करतात. ज्यानं तीन वर्षं खपून शोधलं त्याचं नाव पुसलं गेलं असतं. ही एक गोष्ट मास्तरांना काही केल्या गिळवेना.

महिन्याची मुदत असून त्यांनी आठ दिवसांत अभिप्राय लिहिला. लेखात एक चूक होती. दोन वर्षं असं केलं की रान कायमचं निर्मळ, असं लेखकानं ठोकून दिलं होतं. मास्तरांच्या कोपऱ्यानं सांगितलं होतं की टारफुल्याचं बी सहा सहा वर्षं मातीत जिवंत राहतं. तसंच छापलं तर शेतकरी दोन वर्षं करतील, टारफुला परत येईल, आणि लोक या माणसाला खोटा म्हणतील. चूक नुसती दाखवून भागलं असतं. पण पुराव्याशिवाय त्यानं का मानावं? पुरावा होता मास्तरांच्या वहीत. दोन दिवस त्यांनी वही उघडली आणि मिटली. तिसऱ्या दिवशी अकराच्या अकरा वर्षांची मोजणी, तिची रीत आणि कोपऱ्याची हकीकत अभिप्रायात उतरवून काढली आणि शेवटी लिहिलं, "हे सर्व लेखकाने आपलेच समजून वापरावे."

सोबत संपादकांना वेगळं पत्र होतं. "या विषयात मी स्वतः काम केलेले असल्याने माझा लागाबांधा आहे, हे आपणास कळवणे माझे कर्तव्य. माझ्या मतात मत्सर आला असे वाटल्यास ते बाजूस ठेवून दुसऱ्या जाणकारास विचारावे. आणखी एक विनंती. माझ्या कुटुंबाचे चार एकर रान टारफुल्याने जात आहे. लेखातील उपाय तेथे करण्यास लेखकाची इजाजत मिळेल काय? उत्तर येईतो मी काहीही करणार नाही."

आखितीला गिरिजाबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "अवो, माझ्या तुकड्यात औंदा काय करावं?" तीस वर्षं त्या हे विचारत आल्या होत्या, आणि तीस वर्षं मास्तर तासभर सांगत आले होते.

मास्तर भाकरीकडं बघत म्हणाले, "तुझं तू बघ."

बाईंचा हात परातीतच थांबला. "म्या बघू? बरं. मग आयका. औंदा शेवटचं साल. ह्या बारीला बी ज्वारी वाळली तर तुकडा बिरूच्या मेंढरांना सोडून देते." बिरू धनगर ओढ्याकाठचं ते रान चराईला मागतच होता. "बापाचं रान मरताना बगायचं माज्यानं आता व्हत न्हाय."

मास्तर हात धुऊन उठले. ते रोज शाळा सुटली की सोलापूरची मोटार थांबायची तिथं जाऊन उभे राहायला लागले. टपाल यायचं, पुण्याचं पत्र यायचं नाही. मृग निघाला. एका सकाळी गिरिजाबाईंनी पाहिलं, मास्तरांनी म्हशीच्या पोत्यातली ओंजळभर सरकी उपरण्यात बांधली आणि ओढ्याकडं निघाले. बाई मागोमाग गेल्या. मास्तर बांधावर उभे, उपरणं छातीशी धरलेलं. बऱ्याच वेळानं ते आले तसे परत फिरले, गोठ्यात गेले आणि सरकी म्हशीपुढं ओतली. म्हशीनं ती आनंदानं खाल्ली.

"माजं काय चुकलंय का?" गिरिजाबाईंनी गोठ्याच्या दारातूनच विचारलं. "माज्या तुकड्याचा तुमाला येवडा राग आलाय का?"

मास्तर हबकलेच. असं काही तिच्या मनात येईल हे त्यांना सुचलंच नव्हतं. ते घाईघाईनं म्हणाले, "न्हाय गं, न्हाय. माज्याकडं एकाची अमानत हाय. ती खुली हुईस्तवर तुज्या तुकड्यावर म्या चकार शब्द बोलू शकत न्हाय. ह्याच्याम्होरं इचारू नको."

"कुनाची अमानत?"

"ठावं न्हाय."

"कुनाची ते बी ठावं न्हाय! आन त्येच्यापायी माजं रान मरू द्यायचं?" गिरिजाबाई संतापल्या. का संतापू नये? छत्री भिजू नये म्हणून स्वतः भिजणारा नवरा तीस वर्षं सांभाळला होता, पण आता भिजत होत्या त्या. दोन दिवस त्यांनी ताट वाढलं, शब्द वाढला नाही.

तिसऱ्या दिवशी भाकरी टाकता टाकता त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कदी खुली हुनार ती?"

"इजाजत आली की."

"आन न्हाय आली तर?"

"मग... जवा खुली हुईल तवा." मास्तरांनी मान खाली घातली, आणि ताटात टपकलेलं पाणी आमटीचं नव्हतं हे बाईंनी वळून पाहिलं.

त्यांना काही कळलं नव्हतं. कोणाची ठेव, कसली ठेव, तिचा आपल्या टारफुल्याशी काय संबंध, काही म्हणजे काही नाही. पण हा माणूस त्यांना कळत होता. त्या म्हणाल्या, "जेवा. भाकर गार हुतीया. बिरूला म्या अजून एक साल थांबायला सांगते."

मास्तरांना जन्मात पुष्कळ लोकांनी नमस्कार केले. पण त्या एका वाक्याइतकं त्यांना कशानंच ओशाळं केलं नाही.

उत्तर आलं नाही. हस्तावर ज्वारी पेरली, आणि मार्गशीर्षात तिच्या पायथ्याशी पांढरी फुलं अशी दाटली की ओळी दिसेनात. देव न्यायला नळदुर्गची माणसं यायची त्याच दिवशी सकाळी दोघं मोजणीला तुकड्यात आले. वहीतले आकडे देऊन टाकले म्हणून मोजणी थोडीच सोडायची होती? चिंचोक्यांची पिशवी गिरिजाबाईंनी बांधावर ठेवली आणि पदर खोचला. तेवढ्यात ओढ्याच्या वाटेनं एक माणूस आला आणि रानाकडं बघत जागच्या जागी उभा राहिला. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, खांद्याला कापडी पिशवी.

"शरणार्थ, मास्तर. म्या नळदुर्गचा रामलिंग. औंदा पयल्यांदाच देव न्यायला आलोय. देवळात कळलं, कागद लिवनारं मास्तर रानात हायत." मग न राहवून त्यानं विचारलं, "अव्वा, हे रान कुनाचं वो?"

"माजं," गिरिजाबाई म्हणाल्या. जोर नेहमीचाच, पण आवाज बारीक.

"मग बसा जरा. येवडं सांगितल्याबिगर म्होरं जाववंना मला." आणि बांधावर बसून तो बोलायला लागला, कापूस, मूळ, फसलेलं बी, मृग, हस्त. ऐकता ऐकता मास्तरांचे कान तापले. एकेक वाक्य त्यांना पाठ होतं. लेखकाला ओळखायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि लेखक स्वतः चालत येऊन त्यांच्या बायकोच्या बांधावर बसला होता.

"हे तुमी शोधलं?" मास्तरांनी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"व्हय. कालच छापून आलंय." रामलिंगनं पिशवीतून त्रैमासिक काढलं. लढाईपायी कागद मिळत नव्हता म्हणून अंक पातळ होता. "पन खरं सांगू का, ह्यातला जीव माजा न्हाय. माज्या लेखात चूक हुती. परीक्षा करनाऱ्यानं ती दावली, आन वर आपली अकरा वर्सांची कमाई मला देऊन टाकली. नाव न्हाय, गाव न्हाय. आयका." त्यानं पान उघडून बोट ठेवून वाचलं, "‘ही मोजणी एका अज्ञात परीक्षकाची आहे. ओढ्याकाठच्या एका रानात त्यांनी अकरा साले वीस ओळींतील रोपे मोजली. मोजणीची रीत साधी होती. दर रोपामागे एक चिंचोका.’"

गिरिजाबाईंनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर ओढ्यापलीकडं बघत होते, आणि त्यांच्या कानाची पाळी लाल झाली होती.

रामलिंग खाली मान घालून म्हणाला, "एक गोष्ट मला लई सलतीया, अव्वा. त्या मानसानं इजाजत मागितली हुती. त्येच्या बायकोच्या चार एकरात माजा उपाय करू का म्हनून. कोन मागतं वो अशी इजाजत? वाचलं आन पेरलं, कोन बगायला येतंय? पन त्येनं मागितली. आन संपादकाचं पत्र आलं तवा म्या हिवतापानं अंथरुनाला खिळलेला. पत्र दोन म्हैने उशाखाली पडून. उटलो, ‘व्हय’ म्हनून कळवलं, तवर पेरा कवाच हुकला हुता, म्हनून संपादकांनी ते म्होरं धाडलंच न्हाय. संपादक नाव सांगत न्हायत, रीत न्हाय म्हनत्यात. कुठंतरी एका बाईचं रान माज्यापायी आसंच हुबं आसंल." त्यानं समोरच्या पांढऱ्या फुलांकडं हात केला.

चिंचोक्यांची पिशवी रामलिंगच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होती, तोंड अर्धं उघडं. मास्तरांना ती दिसली. ते काही करणार, त्याआधी गिरिजाबाई सावकाश बांधावर टेकल्या आणि खोचलेला पदर सोडून त्यांनी तो पिशवीवर पसरला. जसं काही ऊनच लागत होतं पिशवीला.

मग त्या रामलिंगला म्हणाल्या, "बाबा, म्या बी बाईमानूस हाय. त्या बाईच्या मनातलं म्या तुला सांगते. ती दोन दिस लई रागावली आसंल. नवऱ्याशी बोलली बी नसंल. पन आता तुजं हे आयकलं तर ती म्हनंल, एक साल गेलं तर गेलं, माजं मानूस खरं निगालं. तू मनाला लावून घिऊ नको."

रामलिंगनं डोळे पुसले. मास्तरांनी पुसले नाहीत, कारण पुसले असते तर कळलं असतं. त्यांनी घसा खाकरून विचारलं, "आन कापूस मोडायचा तो नेमका कितव्या दिसाला?" रामलिंग उत्साहानं सांगू लागला, आणि मास्तर वर्गातल्या पोरासारखे मान डोलावत ऐकत राहिले.

दुपारी देवळात कागद झाला. नळदुर्गकरांच्या बाजूनं रामलिंगही सहीला बसला होता. शाई वाळताना मास्तर त्यांचं नेहमीचं वाक्य म्हणायला विसरले. म्हणून ते बाहेर बायकांत उभ्या असलेल्या गिरिजाबाईंनीच म्हटलं, चांगलं मोठ्यानं, आणि या खेपेला कुणी जांभई दिली नाही.

पुढल्या मृगावर गिरिजाबाईंनी तुकड्यात कापूस पेरला आणि फुलं येता येता मोडला. गाव हसायला जमलं, तेव्हा त्यांनी तोऱ्यात सांगितलं, "नळदुर्गच्या रामलिंगचा शोध हाय. छापून आलाय." बिरूनं दुसरीकडं चराई बघितली. टारफुला काही एका वर्षात गेला नाही, जाणार नव्हताच, ते मास्तरांइतकं कोणाला ठाऊक होतं? पण दर मार्गशीर्षात ओचा हलका होत गेला. घरात दोघांमध्ये त्या गोष्टीचा शब्द पुन्हा निघाला नाही. रामलिंग दरसाल देव न्यायला यायचा, जेवून जायचा, आणि त्या परीक्षकाचा पत्ता लागला नाही म्हणून हळहळायचा. मास्तर त्याला आणखी भात घ्यायचा आग्रह करायचे. मास्तरांच्या नावाची छापील ओळ जगात एकही नाही.

अठ्ठेचाळीस साली, निजामाचा अंमल संपला त्या मार्गशीर्षात, वीस ओळी मोजून झाल्या तेव्हा गिरिजाबाईंच्या पदरात नऊ चिंचोके होते. त्यांनी ते दोनदा मोजले. मग पिशवीत उरलेले, आता कशालाच न लागणारे शेकडो चिंचोके घरी नेऊन त्यांनी तव्यावर खमंग भाजले, आणि ओंजळभर मास्तरांच्या पुढं ठेवले. मास्तरांना दात फारसे राहिले नव्हते.

"चघळा," गिरिजाबाई म्हणाल्या. "हे आपलेच हायत."